जगदेवरावांच्या बुचाची उंची

जगदेवरावांच्या आवारातलं बुचाचं झाड नक्की किती उंच आहे, हा प्रश्न हिंदी मुलखातल्या त्या शहरात, कंपू वस्तीच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं कुणाला पडला नव्हता. झाड होतं, वर जात होतं, कार्तिकात लांब देठाची पांढरी फुलं खाली टाकत होतं, आणि एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. मग गेल्या मे महिन्यात आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आली, पलीकडच्या चौकातला गुलमोहर एका उभ्या गाडीवर आडवा झाला, आणि त्या दिवसापासून जगदेवराव बुचाकडे निराळ्या नजरेनं पाहू लागले.

जगदेवराव जुन्या शिलेदारांच्या घराण्यातले. तलवारी गेल्या, मिशा राहिल्या. आता ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि ते उत्तम चालत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वरच्या मजल्यावर आईसाठी एक खोली बांधली. त्यांच्या आई सुलोचनाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांची खाट खिडकीपाशी, आणि खिडकी थेट झाडासमोर. बुचाचं लाकूड ठिसूळ, हे जगदेवरावांना कुणीतरी सांगितलं होतं. माणसाला अर्धवट माहिती मिळाली की तो एकतर पुढारी होतो नाहीतर अर्ज करतो. जगदेवरावांनी अर्ज केला.

झाडांच्या परवानग्या देणाऱ्या ऑफिसचा नियम सोपा होता. खोडापासून घराच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. झाडाची उंची त्याहून जास्त असेल, तर झाड पडल्यावर घरावर येणार, म्हणून ते धोकादायक. कमी असेल, तर राहू द्यायचं. ऑफिसचा माणूस फीत घेऊन आला, अंतर अठ्ठेचाळीस फूट भरलं. मग त्यानं मान वर करून झाडाकडे पाहिलं, मान दुखल्यावर खाली केली, आणि उंचीच्या रकान्यात लिहिलं, 'अंदाजे साठ फूट'. झाड तोडायचा परवाना निघाला आणि त्याची प्रत आवाराच्या भिंतीवर चिकटली.

समोरच्या घरातल्या सदाशिवरावांनी ती प्रत चष्मा पुसून दोनदा वाचली. सदाशिवरावांनी शहराच्या लष्कर भागातल्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी 'अंदाजे' हा शब्द दिसला की त्यांच्या उजव्या हाताची बोटं लाल पेन शोधत. त्यांच्या वर्गात अंदाजे उत्तर लिहिणाऱ्याला शून्य मिळे आणि वर दोन वाक्यं ऐकावी लागत.

आपली हरकत फक्त त्या शब्दाला आहे, असं त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं कारण त्यांची बायको होती. मोठ्या साथीत राजलक्ष्मीबाई आजारी पडल्या, बऱ्या झाल्या, पण त्यांची वासाची जाण गेली ती गेलीच. फोडणी जळाली तरी कळेना. उदबत्ती नुसता धूर झाली. स्वयंपाक करताना त्या गाणं गुणगुणायच्या, ते बंद झालं. सात महिन्यांनी एका सकाळी त्या गल्लीत झाडत होत्या, भिंतीबाहेर पडलेली बुचाची फुलं त्यांनी उचलली, आणि तिथंच खाली बसून रडायला लागल्या. वास आला होता. तेव्हापासून फुलांच्या दिवसांत रोज सकाळी त्या ती वेचत. हे कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं आणि जगदेवरावांना सांगण्यासारखं तर त्याहून नव्हतं. सदाशिवरावांनी गणिताचा आधार घेतला. आयुष्यभर घेत आले होते.

ते आधी जगदेवरावांच्या फाटकाशी गेले. आतून कुत्रा भुंकला आणि पाठोपाठ जगदेवराव आले.

"जगदेवराव, हे झाड साठ फूट नाही."

"मग किती आहे, मास्तर?"

"ते मोजावं लागेल."

"चौतीस वर्षं शिकवलंत ना तुम्ही हे? झाड मोजा, मनोरा मोजा, किल्ला मोजा," जगदेवराव म्हणाले. "एक तरी झाड मोजलंय का आजपर्यंत?"

सदाशिवरावांनी मोजलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी फळ्यावर कमीत कमी दोन हजार मनोरे, दीपगृहं आणि विजेचे खांब मोजले असतील, पण ते सगळे पुस्तकातले. पुस्तकातल्या मनोऱ्यांचे कोन तीस किंवा साठ अंशांचे असतात, जमीन सपाट असते, आणि मनोऱ्याला कुत्रा नसतो. जगदेवरावांनी दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवलं होतं. सदाशिवराव घरी आले ते कमरेला पंचा बांधलेल्या पैलवानासारखे. झाड मोजायचं, हे ठरलं.

इंदरगंज भागातल्या त्या परवान्यांच्या ऑफिसात त्यांना अधिकारी म्हणून संग्रामसिंह भेटला. संग्रामसिंह त्यांचाच विद्यार्थी. मराठी शाळेत शिकल्यामुळे तो मराठी समजायचा, बोलायचाही, फक्त मध्येच गाडी हिंदीवर जायची. दहावीला त्रिकोणमितीनं त्याला एक वर्ष मागे ठेवलं होतं. तो उठून पाया पडला, त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. शिक्षकाला एवढा मान मिळाला की समजावं, काम होणं कठीण आहे.

"सर, साठ नाही तर किती लिहू?" तो म्हणाला. "आमच्याकडे टेप आहे, पर टेप लेकर ऊपर कौन चढ़ेगा? तुम्ही मोजून द्या ना. पंधरा दिवसांत, लेखी. अठ्ठेचाळीसच्या खाली आलं तर मी स्वतः परवाना कॅन्सल करतो."

सदाशिवरावांनी तिथंच अर्ज लिहायला घेतला. अर्ज दोन ओळींत संपला असता, पण शाळामास्तराच्या हातात कागद आला की तो भरेपर्यंत थांबत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, 'माझ्या मोजणीतून येणारे उत्तर, मग ते काहीही येवो, मला बंधनकारक राहील.' हे वाक्य कुणी मागितलं नव्हतं. संग्रामसिंहानं ते वाचलं, एकदा सरांकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

आता मोजणी. जगदेवरावांनी निरोप पाठवला होता की मास्तरांनी खुशाल मोजावं, पण आवारात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे खोडापर्यंत जाता येणार नाही. सदाशिवरावांना याचं दुःख झालं नाही, उलट आनंदच झाला. पायथ्याशी जाता येत नाही अशा वस्तूची उंची काढणे, हा त्यांचा आवडता प्रकार. झाडाच्या समोर एका सरळ रेषेत दोन जागा धरायच्या. दोन्हीकडून शेंडा बघायचा आणि नजर किती अंशांनी वर जाते ते टिपायचं. दोन जागांमधलं अंतर मोजायचं. दोन कोन आणि एक बाजू हातात आली की त्रिकोण जातो कुठे? बाकीच्या बाजू गुपचूप हजर होतात. शेवटी आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, पाच फूट, त्यात मिळवायची. जगदेवरावांच्या भिंतीसमोरूनच एक सरळ बोळ मागे जात होता. त्यामुळे रेषाही तयार होती.

कोनांसाठी त्यांच्याकडे कोनमापक होता. फळ्यावर वापरायचा, लाकडी, सुपाएवढा. निरोप समारंभात शाळेनं तो दिला होता, कारण शाल आणायला गेलेले सर परत आले नव्हते. सदाशिवरावांनी त्याच्या सरळ कडेला एक पोकळ नळी बांधली, शेंडा बघायला. मधोमध दोरा लावून त्याला कुलूप टांगलं, ओळंब्यासारखं.

बाजूचं मात्र अडलं. घरात शिंप्याची फीत होती, साठ इंची. ती पाच-सहा वेळा टाकायची तर प्रत्येक वेळी थोडी चूक होणार, आणि चुका एकमेकींना मिळतात. माणसांपेक्षा त्यांचं आपसात बरं जमतं. सदाशिवरावांना एकसंध, लांब, न ताणणारी आणि लांबी आधीच ठाऊक असलेली वस्तू हवी होती. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडून आईची नऊवारी काढली.

"ती कशाला?" राजलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"नऊ वार. सत्तावीस फूट. जाड सुती आहे, ताणत नाही."

"आधी फितीनं मोजून तर बघा."

"नऊवारी साडी नऊ वार असते, हे मोजायचं?" सदाशिवराव म्हणाले. "अगं, काही गोष्टी गृहीत धरायच्या असतात. त्याशिवाय भूमिती उभीच राहत नाही."

आपल्याकडे माणसं बँकेच्या पासबुकावर शंका घेतील, डॉक्टरच्या निदानावर घेतील, पण आईच्या नऊवारीच्या लांबीवर शंका घेणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बोळात साडी अंथरली गेली. एका टोकावर सदाशिवराव, दुसऱ्या टोकावर राजलक्ष्मीबाई. हिरवा काठ, जांभळं अंग, आणि बोळाची निम्मी वाहतूक बंद. भाजीवाल्यानं गाडी साडीवरून नेऊ की उचलून, असं विचारलं. एका बाईंनी किंमत विचारली आणि सांगितली नाही म्हणून राग धरला. शेजारच्या सुमनताई गच्चीवरून हे सगळं बघत होत्या. त्यांना सल्ला दिल्याशिवाय सकाळचा चहा पचत नसे.

"भाऊजी, तुम्ही ना, फुगा सोडा. गॅसवाला. दोरा बांधायचा, सीधा वर जातो. मग दोरा मोजायचा."

"वारा आहे, सुमनताई. फुगा तिरका जाईल."

"मग वारा नसेल तेव्हा सोडा. यात काय एवढं?"

वारा होता, हे मात्र खरं, आणि तो फक्त फुग्यापुरता नव्हता. कोनमापकाचं कुलूप देवळातल्या घंटेसारखं हलत होतं. सदाशिवरावांनी जवळच्या जागेवरून पन्नास अंश वाचले, लांबच्या जागेवरून पंचेचाळीस. घरी येऊन गणित मांडलं. उत्तर आलं एकशे त्र्याहत्तर फूट. त्यांनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं. झाडानं काही दाद दिली नाही.

त्या दिवशी दुपारी ते पुन्हा गेले. पुन्हा साडी, पुन्हा भाजीवाला; आता त्यानं न विचारता गाडी उचलली. या वेळी लांबचा कोन वीस अंश भरला. उत्तर एकोणीस फूट. सुमनताईंनी ते वरूनच ऐकलं आणि सकाळी एकशे त्र्याहत्तर असलेलं झाड दुपारी एकोणीस होतं, तर संध्याकाळपर्यंत थांबावं, तोडायचं कामच उरणार नाही, असं मत दिलं. जगदेवराव फाटकात उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त मिशीवरून हात फिरवला. सदाशिवरावांना बोलणं परवडलं असतं.

पण माणूस जिद्दीचा. चुकलेलं गणित पुन्हा सोडवायला लाजायचं नाही, हे त्यांनी पोरांना शिकवलं होतं, आणि आता ते स्वतःवर आलं होतं. त्यांनी वाऱ्याचा अभ्यास केला. सकाळी साडेसहा ते सात पान हलत नाही, असं दिसलं. कुलूप काढून जड अडकित्ता टांगला. नळीच्या टोकाला दोऱ्याची फुली बांधली. पाच दिवस ओळीनं ते दोघं साडेसहाला बोळात हजर होते. सदाशिवराव नळीतून बघत, राजलक्ष्मीबाई अंश वाचत. सदाशिवरावांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा गणितात मदतीला घेतलं होतं, आणि त्या त्यांच्यापेक्षा स्थिर हातानं वाचत होत्या. पाचही दिवस आकडे तेच आले. जवळून पन्नास, लांबून पस्तीस.

सदाशिवरावांनी टेबलाशी बसून गणित मांडलं. सत्तावीस फूट बाजू, दोन कोन. मनाशी हिशेब नीट लागत गेला तसं त्यांचं लिहिणं मंद झालं. उत्तर आलं एक्कावन्न फुटांना दोन इंच कमी.

अठ्ठेचाळीसच्या वर. ते त्यांनी पाच वेळा केलं. पाच वेळा तेच.

तीन फूट कमी लिहिणं काहीच कठीण नव्हतं. तिथं कुणाला तपासता आलं असतं? संग्रामसिंहाला? त्याला तर हेच हवं होतं. सदाशिवराव पेन हातात धरून बसले, आणि त्यांना समोरची वरची खिडकी दिसली. खिडकीत सुलोचनाबाईंची खाट दिसत होती, खाटेवर पांढऱ्या केसांचं डोकं दिसत होतं. तीन फूट खोटे लिहायचे आणि पुढच्या आंधीत ते तीन फूट त्या डोक्यावर यायचे. सदाशिवरावांनी पेनाला टोपण लावलं.

"एक्कावन्न आलं," त्यांनी बायकोला सांगितलं.

राजलक्ष्मीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी कणकेला पाण्याचा हात लावला.

"आलं असेल तर तेच लिहा," त्या म्हणाल्या.

सदाशिवरावांनी रीतसर दोन पानी मोजणी लिहिली आणि नेऊन दिली. संग्रामसिंहानं ती उभ्यानंच वाचली. "सर, आप भी ना," एवढंच तो म्हणाला. तोडायचा दिवस सोमवार ठरला. जगदेवरावांना बातमी कळली तेव्हा त्यांनी फाटकातून हाक मारून सांगितलं, "मास्तर, मानलं तुम्हाला." ते मनापासून म्हणाले होते. सदाशिवरावांना ते ऐकवेना.

शनिवारी राजलक्ष्मीबाईंनी साडी धुऊन वाळवली आणि घडी घालायला सुमनताईंना बोलावलं. सुमनताई एक टोक धरून मागे सरकत गेल्या आणि अंगणाच्या कडेला पोचायच्या आतच साडी ताठ झाली.

"वहिनी, माझ्या आईची नऊवारी आम्ही याच अंगणात धरायचो. मी त्या तुळशीपर्यंत जायची. ही छोटी आहे."

राजलक्ष्मीबाईंनी हातातलं टोक उलटून पाहिलं. काठ तिथं विणलेला नव्हता. दुमडून, हातानं टीप घातलेली होती, बारीक, सारख्या टाक्यांची. त्यांच्या सासूबाईंची टीप. मग त्यांना आठवलं, आणि त्या तशाच टोक हातात घेऊन आत आल्या.

"अहो, अपूर्व झाला तेव्हा आईंनी यातलाच एक वार कापला होता. झबलं आणि कुंची. पहिलं कापड आजीच्या नेसत्या साडीचं असावं म्हणून. मी माहेरी होते, मला नंतर सांगितलं त्यांनी."

मुलगा आता बंगळुरूला नोकरीत होता, त्याचे केस पातळ झाले होते, आणि त्याच्या कुंचीनं एवढ्या वर्षांनी बापाच्या गणितात तीन फुटांचा घोटाळा केला होता. सदाशिवरावांनी शिंप्याची फीत काढली. चोवीस फूट, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. नव्यानं गणित मांडलं. पावणेसेहेचाळीस. अठ्ठेचाळीसच्या चांगलं खाली.

ते टुणकन उठले आणि लगेच खाली बसले. उत्तर देऊन झालं होतं. पेपर गोळा झाल्यावर धावत येऊन आकडा बदलू द्या म्हणणारी मुलं त्यांनी चौतीस वर्षं पाहिली होती, आणि त्यातल्या एकाचंही त्यांनी ऐकलं नव्हतं.

तरी ते गेले. ऑफिस बंद होतं, म्हणून हजीरा भागात, संग्रामसिंहाच्या घरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सर, माझा विश्वास आहे. हंड्रेड परसेंट. पर फाइल में साड़ी कैसे लिखूँ? जगदेवराव हो म्हणाले तर लिहितो काहीतरी."

जगदेवराव हो म्हणाले नाहीत. फाटकाआडून त्यांनी साडी, झबलं, कुंची, सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"एक्कावन्न आले तेव्हा नऊवारी होती, मास्तर. आता झाड तोडायची वेळ आली तर आठ वारांची झाली?" ते हळू आवाजात म्हणाले. "माझी आई झोपते तिथं. तुमच्याबद्दल मला वाटलं होतं की हा माणूस खोटं बोलणार नाही."

सदाशिवराव घरी आले. आजवर लोकांनी त्यांना कडक म्हटलं होतं, चिक्कू म्हटलं होतं, पोरांनी तर काय काय म्हटलं होतं. खोटारडा कुणी म्हटलं नव्हतं. त्या रविवारी ते जेवले नाहीत. झाडाचं एक होतं, आता त्यात हेही आलं. ते नवं गणित त्यांनी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढलं आणि सोमवारी सकाळी तो कागद हातात घेऊन जगदेवरावांच्या फाटकाबाहेर उभे राहिले. राजलक्ष्मीबाई शेजारी उभ्या होत्या. परवाना घेऊन संग्रामसिंह आला, तोही ओशाळून उभा राहिला.

झाड तोडणारा आला. वाळलेल्या अंगाचा म्हातारा, सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्यानं दोर खाली टाकला आणि विचारलं, "साहब, गिराना किधर है?"

"घर की तरफ छोड़ के कहीं भी," जगदेवराव म्हणाले.

उस्ताद घराच्या भिंतीपाशी गेला, बरोबर वरच्या खिडकीखाली. झाडाकडे पाठ केली. पाय फाकले, कमरेत वाकला, आणि दोन पायांच्या मधून उलटं झाडाकडे पाहिलं. क्षणभर. मग उभा राहिला.

"घर की तरफ ही गिरा देते हैं, उधर जगह साफ़ है," तो म्हणाला. "दीवार तक आएगा नहीं. डेढ़ हाथ कम पड़ेगा."

फाटकाबाहेर सदाशिवरावांच्या डोक्यात आकडे आपोआप हलले. अठ्ठेचाळीसातून पावणेसेहेचाळीस गेले, राहिले सव्वादोन फूट. आणि दीड हात म्हणजे सव्वादोन फूट.

त्यांनी फाटक ढकललं आणि ते सरळ आत गेले. कुत्रा आला, त्यानं त्यांच्या धोतराचा वास घेतला, आणि हा माणूस आत्ता ऐकण्याच्या स्थितीत नाही असं बघून बाजूला झाला.

"उस्ताद, हे कुणी शिकवलं?"

"बाप ने. शेंडे के ऊपर आसमान दिखे तो पेड़ यहाँ तक नहीं आता. न दिखे तो भागो."

सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला. असं वाकल्यावर नजर काटकोनाच्या निम्म्यानं वर जाते. आणि त्या कोनात उंची आणि अंतर सारखंच असतं. हे तर त्यांच्या धड्याचं पहिल्या आठवड्यातलं पहिलं गणित. सातवीतल्या पोराच्या कंपासपेटीतला गुण्या घेऊन या भिंतीपाशी एकदा उभं राहिलं असतं, तरी संपलं होतं. साडी नको, कोनमापक नको, अडकित्ता नको. झाड किती फूट आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. ते भिंतीपर्यंत पोचतं का, एवढंच विचारलं होतं.

"हे बघा," जगदेवराव म्हणाले, "मी स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही." ते भिंतीपाशी जाऊन पाय फाकून वाकले. पोटानं त्यांना निम्म्यावर अडवलं. त्यांनी जोर केला, एक गुडघा मिशीला लागला, आणि ते लाल होऊन उठले. संग्रामसिंह वाकला. "दिखता है! थोडं दिसतं," तो म्हणाला, पण सरकारी माणसाच्या 'थोडं'वर जगदेवरावांचा विश्वास बसेना.

"मी बघतो," सदाशिवराव म्हणाले.

"अहो, तुमची कंबर," राजलक्ष्मीबाई फाटकातून म्हणाल्या.

सदाशिवरावांनी धोतर सावरलं, झाडाकडे पाठ केली, आणि वाकले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस जितकं वाकतो, त्याहून वीतभर जास्तच वाकले. दोन गुडघ्यांमधून त्यांना उलटं आवार दिसलं, उलटा कुत्रा दिसला, खोड दिसलं, त्याच्या शेवटी शेंडा, आणि शेंड्यापलीकडे निळं, मोकळं, दीड हात आभाळ. चौतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा एक झाड मोजलं होतं आणि ते बरोबर आलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की कमरेत काहीतरी कट्‌ असं वाजलेलं त्यांना ऐकूच आलं नाही.

वरची खिडकी उघडली.

"जगदेव," सुलोचनाबाईंचा आवाज आला, "खाली हे कोण वाकलंय रे?"

"समोरचे मास्तर आहेत, आईसाहेब."

सुलोचनाबाईंनी खिडकीला टेकून खाली पाहिलं. बरोबर त्यांच्याच दिशेनं तोंड करून एक वयस्क, धोतर नेसलेला गृहस्थ जमिनीला डोकं लागेल इतका वाकला होता आणि उठत नव्हता.

"माझ्या सासऱ्यांच्या नंतर असा मुजरा मी कुणाचा पाहिला नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला झाला होता. "काय मागणं आहे त्यांचं?"

जगदेवराव तोंड उघडणार तोच उत्तर खालून, दोन गुडघ्यांच्या मधून आलं.

"झाड, आईसाहेब. बुचाचं. तोडायला आलेत."

सुलोचनाबाई खिडकीतून आणखी पुढं आल्या.

"मला का नाही कुणी सांगितलं?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "जगदेव, ही वरची खोली मी कशाला मागितली रे तुझ्याकडं?"

"उन्हासाठी, आईसाहेब."

"ऊन तर खालच्या खोलीतही होतं. या फुलांच्या जवळ झोपायला मिळावं म्हणून मागितली."

जगदेवराव मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाले. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग खाली वाकलेल्या मास्तरांकडे बराच वेळ. "मास्तर, माझं चुकलं," ते म्हणाले. त्यांनी संग्रामसिंहाच्या हातातला परवाना घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात टाकला. उस्तादानं दोर गुंडाळायला घेतला.

"दिलं झाड," वरून सुलोचनाबाई म्हणाल्या. "उठा आता. आयुष्मान व्हा."

सदाशिवराव उठले नाहीत. राजलक्ष्मीबाई आत आल्या, झाडाखालून येताना त्यांचे पाय जरा रेंगाळले, मग त्या नवऱ्याजवळ येऊन वाकल्या.

"अहो, दिलं त्यांनी. उठा."

"उठता येत नाही," सदाशिवराव गुडघ्यांना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी उलटं कपाळावर गेलं होतं, आणि ते कमरेचं होतं की कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"राहू दे ग," सुलोचनाबाई खिडकीतून म्हणाल्या. "माणूस भारावलाय."